फुकू

“ही बाय कोणाकडे इली?” शिगेबाईंनी विचारलं.

ती बाय म्हणजे त्यांची पोटची मुलगी. तोमिए पलंगाशी गुडघे टेकून बसली होती, आईचा हात हातात घेऊन. “आई, मी तोमिए. तुला भेटायला आले आहे,” ती पुन्हा म्हणाली. भाषा कशी स्वच्छ, इस्त्री केलेली. शिगेबाईंनी हात सोडवून घेतला आणि परक्या पाहुण्याला करतात तसा अदबीने वाकून नमस्कार केला.

वृद्धाश्रमाच्या खिडकीखाली शिमोनोसेकीची सामुद्रधुनी होती. तोमिएचे यजमान, शुन्साकुमास्तर, पाठ करून जहाजं बघत उभे होते. सहल त्यांनीच आखली होती. सकाळी कारातोचा मासळीबाजार, मग देऊळ, मग बोटीने गान्र्यू बेट, आणि रात्री फुगू माशाच्या पातळ कापांची बशी. सासूबाईंची भेट त्यात कशीबशी खोचली होती, तीही तोमिए हटून बसली म्हणून.

मास्तर डोंगरातले, मात्सुमोतोचे. जन्मभर शाळेत भाषा शिकवली. निवृत्त झाले, पण लाल पेन काही हातातून सुटलं नाही. लग्न होऊन तोमिए सासरी आली तेव्हा पहिल्याच जेवणात तिच्या तोंडून माहेरच्या बंदरातला एक शब्द निसटला आणि नणंदा पोट धरधरून हसल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांनी बायकोचा शब्द न् शब्द सुधारायला घेतला. प्रेमानेच, असं त्यांचं म्हणणं. ती आईशी फोनवर बोलायची तेव्हाही हे शेजारी बसून दुरुस्त्या करायचे. माहेरची बोली अशी आटत आटत गेली. तिच्या मुलांनीही ती कधी ऐकली नाही.

शिगेबाई भानावर होत्या तोवर फोनवर हसायच्या. “मोठी मडम झालंस गो!” म्हणायच्या. आता डोक्यातलं सगळं गळून चाललं होतं. मागच्या खेपेला त्यांनी मुलीला सरकारी बाई समजून चहा विचारला होता. आज तरी आईने ओळखावं, एवढंच तोमिएला हवं होतं. पुढच्या खेपेचा भरवसा डॉक्टरही देत नव्हते.

तिने बाजारातून आणलेला डबा उघडला. तळणीचा वास खोलीभर पसरला.

“आई, फुगू आणलाय. तळलेला. तुला आवडतो ना?”

शिगेबाईंचं तोंड कडू झालं. “फुगू? काय अभद्र बोलतंस! फुकू म्हणतत त्याका. फुकू म्हणजे भाग्य. फुगू म्हणजे फुटक्या नशिबाचो. बंदरात जन्मलेलो कोण असा बोलता?” त्यांनी डबा दूर लोटला. “घेवन जा, बाय. माझी तोमी येतली. ती हाडतली माका फुकू.”

तोमिएने डबा पुन्हा जवळ ओढला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो राग. आईवर नाही, स्वतःवर. सगळ्यांना चालेल अशी बाई होण्यात तिने उभा जन्म घालवला होता आणि ती बाई इथे कुणालाच नको होती.

“गो आये!” ती म्हणाली. धक्क्यावर हाक मारतात तेवढ्या आवाजात. “फुकूच तो! तुझ्यासाठी फुकू हाडलंय!”

“फुगू,” मास्तर खिडकीकडूनच म्हणाले. “कू नाही, गू. आणि ओरडू नकोस, आजूबाजूला माणसं आहेत.”

“तुमी गप रवा!”

मास्तर गर्रकन वळले.

“आजपासून माझो एक शब्द सुधरूचो नाय. बोटीक जावचा तर एकटे जावा. माका माझ्या आवशीशी बोलूचा हा.”

“काय? काय म्हणालीस?” मास्तरांना निम्मं कळलंच नव्हतं. नको ते जास्त कळलं होतं. समजावून सांगायची तसदी तोमिएने घेतली नाही. त्यांच्याकडे पाठ करून तिने माशाचा काटा काढला, लहानसा तुकडा आईच्या ओठांशी धरला आणि बोलत सुटली. बाजारात केवढी गर्दी होती ती. कोळणीने तिला कशी कोपराने ढकलली ती, आणि हिने तिला कशी परत ढकलली ती. काही शब्द आठवेनात. काही चुकलेही असतील. चुकू देत. मास्तर मध्येच खाकरले, मग कोट हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिले. बोटीचं नाव कोणी काढलं नाही.

शिगेबाई तुकडा चघळत ऐकत होत्या. चघळता चघळता थांबल्या. मुलीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि एकदम तिच्या दंडावर फटकन चापट मारली.

“तोमी! चेडवा, कदी इलंस गो? मी कदीपासून वाट बघतंय!”

तोमिएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. एकात मासा होता, दुसरा आईने घट्ट धरला होता.

मग शिगेबाईंनी मान वळवून खोलीत सगळीकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“आणि ती मगाची बाय खंय गेली? ती शुद्ध बोलणारी?”

“ती गेली, आये,” तोमिए म्हणाली. “आता परत येवची नाय.”