चॅनल मोकळा करा

"या महिन्याचा मान कंट्रोल रूममधल्या..." वायरलेसवर एवढं बोलून पोलीस अधीक्षक कागदात नाव शोधू लागले. दर महिन्याला ते असंच सगळ्या चौक्यांना खात्याच्या बातम्या सांगत आणि एकाची पाठ थोपटत. कंट्रोल रूममध्ये बसून हवालदार निर्मला तडवींनी आजवर दुसऱ्यांचीच कौतुकं ऐकली होती.

तोच फोन वाजला. घाटात शाळेची जीप कठडा तोडून लटकली होती. तडवींनी सेटचं बटण दाबलं.

"साहेब, चॅनल मोकळा करा. घाट चौकी, जीप लटकलीय, आत पोरं आहेत. दोर घेऊन पळा!"

"ताई, तुमचंच नाव येत होतं!" शेजारचा शिपाई हळहळला.

"ते कुठं पळून जातंय? तू क्रेनवाल्याला फोन लाव."

क्रेन निघाली, रुग्णवाहिका निघाली. तडवींचा आवाज एकदाही चढला नाही. अखेर घाट चौकी बोलली, "सगळी पोरं बाहेर काढली. सुखरूप आहेत." तेव्हा कुठे त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

सेट पुन्हा खरखरला. साहेब जपून विचारत होते, "कंट्रोल, चॅनल मोकळा आहे का? नाव घेऊ?"

"घ्या, साहेब. पण थोडक्यात."