चिमणीवरचा अबोला

सकाळी ओल्या टॉवेलवरून नवरा-बायकोत वाजलं आणि दोघं अबोला धरूनच एका कारखान्यात कामाला आली. दुपारी चिमणीतली धूळ मोजणारा सेन्सर भलतेच आकडे दाखवू लागला. तो दुरुस्त करायला ती वर चढली. आकडे वाचायला खाली कंट्रोल रूममध्ये नेमका तोच होता. वॉकीटॉकीवर बोलणं भागच होतं.

“सेन्सर बाहेर काढून काच पुसली. आता किती?”

“शून्य.”

तिने ठरावीक आकडा दाखवणारी तपासणीची काच लावली. “आता?”

“अगदी बरोबर. पण परत एकदा बघूया.”

“बरोबर आहे ना? मग परत कशाला?”

“घरी गेल्यावर बोलशील की नाही, कोणास ठाऊक!”

ती हसली. “थांब जरा, काच अजून नीट पुसली गेली नाहीये.”