स्टेअरिंगचा पट्टा

पंच्याहत्तरीतले चांगदेव आबा आठवड्यातून दोनदा बायकोला डायलिसिससाठी कवठे येमाईहून शिरूरला स्वतः गाडी चालवत नेत. "तुमची नजर अधू झालीय, मी नेतो," असं त्यांच्या मुलानं, सम्राटनं कितीदा विनवलं; आबा ऐकेनात. शेवटी त्यानं गॅरेजच्या मेस्त्रीकडून पावर स्टेअरिंगचा पट्टा गुपचूप काढून घेतला. स्टेअरिंग जड झालं की आबा आपसूक गाडी सोडतील, असं त्याला वाटलं.

महिनाभर आबा तक्रार न करता तशीच गाडी नेत राहिले. मग नर्सचा फोन आला. "आईंच्या ज्या हाताला डायलिसिसची सुई लावतो, त्यावर जोर पडलाय. शीर बंद पडली."

"आई, काय उचललंस त्या हातानं?" सम्राटनं विचारलं.

"उचललं न्हाई रं काय. वळणावर ह्यांना स्टेअरिंग ओढंना, मग मी बी शेजारनं हात लावायची. तुला सांगू नको म्हणले, न्हाईतर तू गाडी काढून घेशील."