दारोगांचं रिव्हॉल्व्हर

"आधी हात पूस," पिशीमा म्हणाल्या. "नारळाचा लाडू खाऊन बाबांच्या वस्तूला हात लावतोस?"

निर्मल शिकदारनं हात धोतराला पुसले आणि फडक्याची गुंडाळी त्यांच्यापुढं ठेवली. नऊ वर्षं तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलकात्याहून कृष्णनगरला येत होता. पेशा वकिलीचा, नाद इंग्रजी अमदानीतल्या पोलिसी रिव्हॉल्व्हरांचा. परवान्यासकट अकरा होती घरात. बायको त्या कपाटाला सवत म्हणायची.

बाराव्या रिव्हॉल्व्हरसाठी तो पहिल्यांदा इथं आला होता. इथल्या पोलीस ठाण्याचे तारापद दारोगा निवृत्त झाले तेव्हा साहेबानं त्यांना त्यांचं रिव्हॉल्व्हर बक्षीस दिलं होतं, नंबर ४१२७. दारोगा केव्हाच वारले होते.

"ते तर चोरीला गेलं रे," त्यांची लेक, म्हणजे ज्यांना पुढं तो आत्या मानून पिशीमा म्हणू लागला त्या, तेव्हा म्हणाल्या होत्या. "तू वकील माणूस, शोध की. आणि काय कळेल ते येऊन सांगत जा."

तो शोधत गेला, सांगत गेला. बराकपूर झालं, ढाक्याचा दलाल झाला. बातमी नसली तरी पिशीमा जेवल्याशिवाय सोडत नसत. दारोगांनी या गल्लीतली दोन पोरं अंदमानला धाडली होती. तेव्हापासून ही पायरी कुणी चढत नव्हतं. लेकीचं लग्नही त्यातच राहून गेलं.

यंदा पिशीमांची छाती दुखू लागली. डॉक्टरांनी मान हलवली, आणि निर्मलला राहवेना. त्यानं आपल्या संग्रहातलं त्याच घडणीचं, सगळ्यात देखणं रिव्हॉल्व्हर काढलं, मुठीवरचा आकडा घासून घालवला आणि ४१२७ ठोकून घेतला. पकडला गेला असता तर वकिलीच गेली असती.

पिशीमांनी चष्मा लावला. मुठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"कुठं मिळालं?"

"आसनसोलला."

"वकिलानं तरी खोटं बोलताना खाली बघू नये." त्यांनी ते हळूच त्याच्याकडं सरकवलं. "आकडा कोवळा आहे, निर्मल. बोटाला टोचतोय. लहानपणी बाबांचं रिव्हॉल्व्हर रोज मीच पुसायची."

निर्मलचे डोळे भरून आले. "चुकलो, पिशीमा. म्हटलं, तुमच्या डोळ्यांना एकदा दिसावं."

"माझ्या मायेपोटी केलंस, कळतंय मला. पण इतक्यात थकलास होय? शोध अजून. पुढच्या खेपेला केळफुलाची भाजी करते."

"येतो. सापडेपर्यंत येत राहीन."

सायकलरिक्षा वळणाआड होईपर्यंत पिशीमा दारात उभ्या होत्या. मग कडी घालून त्या आत गेल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी ठेवलेलं ४१२७ जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं.