पाचनंतर बोलण्यास हरकत नाही

"आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नगरसेवकांनी आ केला. खालची दाढ किडली होती. इंजेक्शनने त्यांच्या ओठाची डावी बाजू आणि अर्धी जीभ बधिर झाली होती. त्यात तोंडात कापूस आणि थुंकी ओढणारी नळी, म्हणजे पुढचा अर्धा तास त्यांना बोलता येणार नव्हतं. फुटबॉलवर बोलायला डॉक्टरीणबाईंना असाच माणूस आवडे.

"दुखलं तर बोट वर करा," त्यांनी नेहमीप्रमाणे बजावलं आणि गुणतक्त्यापासून सुरुवात केली. त्यांचा क्लब पाचवा होता, चौथ्याच्या एक गुण मागे. सामने दोनच उरले होते आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे कपासाठीच्या बाद फेरीत, जागा चार. दोन वर्षांपूर्वी क्लब पहिला होता, तेव्हा याच बाई प्लेऑफला शुद्ध अन्याय म्हणायच्या. वर्षभर घाम एकाने गाळायचा आणि कप चौथ्याने न्यायचा, हा कुठला न्याय? यंदा मात्र त्यांना ही पद्धत फारच चांगली वाटत होती. हे नर्सबाईंनी एकदा बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी त्यांना सगळी अवजारं दोनदा उकळावी लागली.

मग न लागता पडणाऱ्या खेळाडूंचा समाचार झाला. गेल्या रविवारी क्लबचा नऊ नंबर कुणाचा हात लागला नसताना गडाबडा लोळला आणि त्यावर पेनल्टी मिळवून क्लब जिंकला. सगळं स्टँड नाचत असताना डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

खुर्चीत कोण आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारं क्लबचं जुनं मैदान विकायचा ठराव आज सहाच्या सभेत हेच गृहस्थ मांडणार होते. सकाळच्या पेपरात फोटोसकट आलं होतं. म्हणून काही त्यांनी ड्रिल जास्त जोरात चालवलं नाही, आणि बोलणंही आवरतं घेतलं नाही. नवं स्टेडियम हमरस्त्याला, चौदा किलोमीटरवर. खुर्च्या चाळीस हजार आणि क्लबचे प्रेक्षक सहा हजार, म्हणजे बापाच्या शर्टात पोरगं. वर त्याला नाव एका पुढाऱ्याच्या सासऱ्यांचं, ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. खेळात राजकारण नको असं भाषण ठोकणारेच फीत कापायला पुढे असतात, हेही त्यांनी सांगून टाकलं.

नगरसेवकांनी बोट वर केलं.

ड्रिल थांबलं. दुखत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि हवेत लिहून दाखवलं. नर्सबाईंनी औषधांचं पॅड आणि पेन आणून दिलं. पडल्या पडल्याच त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: मैदान विकायला माझंही मन घेत नाही. वरून सांगितलंय. आज मला बोलता येणार नाही असं लिहून द्या. ठराव आज टळला की निवडणुकीची आचारसंहिता लागेल, मग सगळंच बारगळेल.

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. मग दाढ भरली, घासून गुळगुळीत केली, कापूस काढला. एवढं शांत काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

मोह झाला नाही असं कसं म्हणावं? सव्वीस वर्षं त्या मैदानाच्या पूर्वेच्या स्टँडमध्ये त्यांची जागा होती. नवरा तिथेच भेटला होता. लेक तिथेच आकडे शिकली होती, खेळाडूंच्या पाठीवरचे. एक ओळ लिहिली की सगळं वाचत होतं, आणि विचारायला कुणी येणार नव्हतं. त्यांनी शिक्का जवळ ओढला, तारीख घातली, नगरसेवकांचं नाव लिहिलं. पेन तिथेच थांबलं.

"साहेब, रविवारी आम्ही जिंकलो आणि मला रात्री जेवण गेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाच वाजता तुमचं तोंड ठणठणीत असेल. मी तेच लिहिणार."

त्यांनी तेच लिहिलं. खालच्या जबड्याची दाढ भरली, बधिरपणा पाचपर्यंत, पाचनंतर बोलण्यास हरकत नाही. सही, शिक्का. कागद त्यांनी पुढे केला. आपण आपल्या हाताने मैदान घालवलं असं त्यांना वाटत होतं आणि वाईटही फार वाटत होतं.

नगरसेवकांनी कागद वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि ते बाहेर गेले. तेव्हा अडीच वाजले होते.

पुढच्या पेशंट एक शिक्षिका होत्या. त्यांना आ करायला लावून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चौथ्या जागेचा हिशोब काढला. उद्या आपण जिंकलो आणि त्यांची बरोबरी झाली तर. तेवढ्यात नर्सबाई दारातून डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते गेले नाहीत अजून. बेसिनपाशी उभे आहेत."

दार अर्धं उघडं राहिलं होतं. बाहेर आरशासमोर नगरसेवक एका हाताने आपला बधिर ओठ सावरत होते. आधी नुसती हवाच आली. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी. ते थांबले, रुमालाने हनुवटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"माझा... या ठरावाला... विरोध आहे."

विरोधातला 'व' अजून नीट निघत नव्हता. त्यांनी पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं बंद पडलं. खुर्चीतल्या शिक्षिकेने, काही दुखत नसताना, काळजीने बोट वर केलं.