सांधा

"आई, मावशीचा अर्धवट राहिलेला स्वेटर मी पुरा करतेय," लेक म्हणाली आणि तिने सुयांसकट विणकाम आईच्या मांडीवर ठेवलं. मावशी वारली तेव्हा लेकीचा जन्मही झाला नव्हता. बहिणीचं मन आईला तिच्या विणीवरून कळायचं. ती वारं प्यायलेल्या वासरासारखी उधळली की टाके सैल पडायचे. मग आवळत जायचे, आणि सुई अडकली की ती अंथरूण धरायची. 'पिंडच तसा, जन्मापासूनचा,' म्हणत घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलं नाही. शेवटी ती उठलीच नाही. विणणारा हात बदलला की सांधा दिसतोच. आईने बोटं फिरवली, चष्मा पुसला, उजेडात धरून पाहिलं. सांधा सापडेना. "तू शिकवलंस तसं होतच नाही, हात आपोआप चालतात," लेक हसली. "आज मात्र थकलेय. जरा पडते." आईने हळूच सुई ओढून पाहिली. ती जागची हलेना.