स्वेच्छेने

मैनाने ती ओळ तिसऱ्यांदा खोडली होती, आणि ती तिसऱ्यांदा परत आली होती.

"बगा मॅडम, परत हाय." तिने लॅपटॉप चारुलताकडे सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "'१९८९ मध्ये शिंपलवाडीच्या ग्रामस्थांनी मासेमारी धक्क्याची जागा स्वेच्छेने सोडली.' आमी सोरली नाय ओ! बुलडोझर आनलावता त्यांनी. माजा सासरा तीन दिस होरीत बसून व्हता, जेवला पन नाय."

सानपाड्याच्या त्या छोट्या वाचनालयात दर रविवारी अकरा ते एक चारुलता लोकांना इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहायला शिकवायची. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तिने हेच व्रत घेतलं होतं. एक पैसा घेत नसे. नवीन माणसाने कितीही गोंधळ घातला तरी तिचा आवाज चढत नसे. लोक येत ते आपल्या शाळेवर, ग्रामदैवतावर, झालंच तर स्वतःच्या मेहुण्यावर लेख लिहायला. मैना मात्र लिहायला आलीच नव्हती. शिंपलवाडीच्या मच्छीमार संस्थेने तिला एक ओळ खोडायला पाठवलं होतं.

"बंदराच्या हापिसातल्या साहेबांनी ह्याचा कागद काढून फायलीला लावलाय," मैना म्हणाली. "बोल्ले, जगभर असंच लिवलंय. सोताहून सोरली म्हंजी आता बांधलाय त्या नवीन धक्क्यावर तुमचा हक नाय. गुरवारी सुनावनी हाय. त्या दिवशी साहेब नाय बोल्ले, तर होऱ्या लावाच्या कुठं?"

"मैनाताई, ओळीखाली संदर्भ दिलाय ना, म्हणून बाकीचे लिहिणारे ती परत आणतात," चारुलताने समजावलं. "रागावून खोडू नका. तो संदर्भच चुकीचा आहे, हे दाखवावं लागतं. थांबा, आपण बघू."

संदर्भ होता एका कॉलेजच्या स्मरणिकेचा. ती वाचनालयातच होती. चारुलताने कपाटातून काढली, धूळ झटकली, पान उघडलं. तीच ओळ, शब्दाला शब्द. आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं: 'माहिती मुक्त ज्ञानकोशावरून साभार.'

चारुलताला हसूच आलं. म्हणजे स्मरणिकेने ज्ञानकोशातून उचललं, आणि मागाहून कुणी शहाण्याने ज्ञानकोशात त्याच स्मरणिकेचा दाखला चिकटवला. आधी कळस, मग पाया! असलं काही हाती लागलं की तिला फार बरं वाटायचं. ज्ञानकोशात प्रत्येक बदलामागे करणाऱ्याचं नाव राहतं. मूळ दीडशहाणा कोण ते बघावं म्हणून तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून लेखाचा इतिहास उघडला. मैनाला हा धडा अजून दिलेला नव्हता. नऊ वर्षांचे बदल खाली खाली सरकवत ती अगदी पहिल्या नोंदीपर्यंत गेली.

तिथे तिचंच नाव होतं.

त्या वर्षी ज्ञानकोशाची लेखनस्पर्धा होती. शंभर दिवसांत शंभर गावांवर लेख. दहा ओळींपेक्षा लहान लेख धरत नसत. शिंपलवाडीच्या नऊच ओळी भरल्या होत्या. चारुलता त्या गावात कधी गेलेलीसुद्धा नव्हती. जुन्या नकाशात धक्का दिसत होता, नव्या नकाशात त्या जागी गोदामं. कुठल्याशा यादीत १९८९ साल सापडलं. म्हणजे गावकऱ्यांनी जागा सोडली असणार. नुसतं 'सोडली' बोडकं दिसत होतं, म्हणून तिने त्याच्याआधी 'स्वेच्छेने' जोडलं. उचलली बोटं, लावली कळफलकाला. दहावी ओळ झाली. स्पर्धेत ती पहिली आली, टाळ्या पडल्या, आणि शिंपलवाडी ती विसरूनही गेली.

तिचे कान तापले. लाज वाटली, खरीखुरी लाज. शेजारी बसलेल्या बाईकडे बघवेना.

तिने ओळ खोडली. चर्चापानावर स्मरणिकेची भानगड पान क्रमांकासकट लिहिली. असं पुराव्यानिशी खोडलेलं सहसा कुणी परत आणत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता नाही यायची ही ओळ."

मैनाचा चेहरा उजळला. तिने चारुलताचे दोन्ही हात धरले. मग पुन्हा तिच्या कपाळावर आठी आली.

"पन मॅडम, फायलीतला कागद तसाच हाय ना? मी साहेबांना बोल्ले, कुनीतरी मनानं लिवलंय. तर बोल्ले, ज्यानं लिवलंय त्याला गुरवारी हितं उभा करा. त्यानं तोंडानं सांगितलं का मी न इचारता लिवलं, तर मी तो कागद काढून टाकतो. नायतर तुमचा अर्ज निकाली."

चारुलताच्या डोळ्यांपुढे ते कार्यालय आलं. टेबलापलीकडे साहेब, आणि पाठीमागे अख्खी शिंपलवाडी. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, की दहावी ओळ भरायची होती म्हणून मी लिहिलं. गुरुवारी तिला दुसरं काहीच काम नव्हतं.

"मॅडम, तुमी यातल्या जानत्या," मैना अजिजीने म्हणाली. "कोनी लिवलंय ता कलतं का ओ? मी त्याच्या पाया परन, पन त्याला घेऊन जान."

लेखाचा इतिहास अजून उघडाच होता. पडद्याचं तोंड मात्र चारुलताकडे होतं. तिने लॅपटॉप हलकेच मिटला.

"नाही हो मैनाताई," ती नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाली. "ते कळायची सोयच नसते."